सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी : माशांचे रंग खुलवणारा उजेड कसा योजावा

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची ठरली की मीठ, फिल्टर आणि पाणी यांची चौकशी सगळेच करतात. दिव्याचा विचार मात्र बहुतेकांच्या मनात शेवटी येतो, आणि तोही "दुकानदार देईल तो लावू" एवढाच. मीही तसेच केले होते. चार वर्षांपूर्वी विजापूर रस्त्याजवळच्या आमच्या घरी तीन फुटी टाकी बसवली, मासे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून रातोरात आले, पिशव्या टाकीत तरंगत ठेवून, पाणी हळूहळू जुळवून ते आत सोडले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला : "नारंगी मासा तपकिरी का दिसतो?" मासा निरोगी होता, दिवा चुकीचा होता. तो प्रवाळांसाठी बनवलेला, महागडा, निळ्या उजेडाचा दिवा होता आणि माझ्या टाकीत एकही प्रवाळ नव्हते.

ही चूक नव्याने टाकी करणाऱ्यांनी पुन्हा करू नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. खालचे सगळे आकडे ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीसाठी आहेत. अशा टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात १५० लिटरच्या आसपास राहते. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात हिशेब करावा.

आधी जमवायच्या वस्तू

- पांढरा एलईडी दिवा : ६५०० केल्विन, सीआरआय ९० किंवा अधिक, २० ते २४ वॉट
- निळी एलईडी पट्टी : तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, ५ ते ६ वॉट, शक्यतो डिमरसह
- दोन टायमर, बॅटरीवर वेळ राखणारे
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण), इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलेला
- टाकीच्या तोंडावर टाकण्याची बारीक जाळी
- थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायला) आणि टीडीएस मीटर (गोड्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला)
- मागच्या काचेसाठी काळा किंवा गडद निळा कागद
- एका पांढऱ्या बशीत हळद, कुंकू आणि कपड्यांची नीळ

केल्विन आणि सीआरआय यांचा अर्थ आणि शेवटच्या ओळीचे कारण तिसऱ्या पायरीत येईल. कागदपत्र म्हणाल तर एकच सांभाळायचे आहे : मासे ज्यांच्याकडून घ्याल त्यांचे, माशांची नावे लिहिलेले पक्के बिल.

१. टाकीत काय राहणार, हे आधी ठरवा

दिव्याची निवड टाकीत काय राहणार यावर ठरते, म्हणून ही पायरी पहिली. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणाऱ्या चमचमत्या टाक्या बहुतेक प्रवाळांच्या असतात. आपल्याकडे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घालण्यात आले. त्यामुळे ते विकणे, विकत घेणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे शोभेसाठी ठेवणेही त्यातच येते. "सगळेच ठेवतात" असे सांगून कोणी तुकडा पुढे केला तरी तो घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड बाजारात मिळतात, आणि काही महिन्यांनी त्यांच्यावर जांभळट थर चढला की ते कुठल्याही खडकाइतकेच शोभतात.

याचा दिव्याशी संबंध असा की प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न बनवण्यासाठी तीव्र, निळ्या बाजूला झुकलेला उजेड लागतो. माशांना त्याची गरज नाही. माशांच्या टाकीत उजेड लागतो तो दोन गोष्टींसाठी : माशांना दिवस-रात्र कळावी यासाठी आणि आपल्याला त्यांचे रंग दिसावेत यासाठी. म्हणून प्रवाळांच्या दिव्यावर जे पैसे जातात त्याच्या एका हिश्श्यात आपले काम उत्तम होते.

पहिल्या टाकीसाठी क्लाउनफिश ही सर्वांत भरवशाची निवड आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केलेले आहे. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढलेला मासा टाकीत लवकर रुळतो आणि त्यासाठी समुद्रातला खडक ओरबाडावा लागत नाही, म्हणून विक्रेत्याला "हॅचरीचा आहे का?" हे जरूर विचारा. जोडीला पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल, बांगाई कार्डिनल आणि टाकीला घट्ट जाळी असेल तर फायरफिश. नारंगी, निळा, चंदेरी-काळा आणि लाल एवढे रंग तीन फुटांना पुरेसे आहेत. निळ्या सर्जनफिशचा मोह सर्वांनाच होतो. पण तो वाढून फूटभर होणारा आणि पोहायला लांब जागा लागणारा मासा आहे, त्याला या मापाच्या टाकीत आणू नये.

२. माशाचा रंग कशाचा बनतो, ते समजून घ्या

हे वाचायला शास्त्राचे वाटेल, पण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

माशाच्या कातडीत रंग दोन प्रकारे तयार होतो. पिवळा, नारंगी आणि लाल हे रंग रंगद्रव्याचे असतात. पेशीत साठलेले कॅरोटिनॉइड उजेडातला निळा भाग शोषून घेते आणि लाल-पिवळा भाग परत फेकते. याचा सरळ अर्थ असा की दिव्याच्या उजेडात लाल भागच नसेल, तर परत फेकायला काही उरत नाही आणि नारंगी मासा तपकिरी दिसतो. माझ्या घरी तेच झाले होते. ही द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती त्याला खाण्यातूनच मिळतात. त्यामुळे कोळंबी, क्रिल (कोळंबीसारखा छोटा जीव) आणि स्पिरुलिना (सूक्ष्म शैवाल) असलेले खाद्य आलटून-पालटून मिळाले नाही तर उत्तम दिव्याखालीही रंग फिकाच राहील.

निळा रंग मात्र बहुतेक माशांत द्रव्याचा नसतो. कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून उजेड परततो आणि त्यातून निळे दिसते. (मँडरिन नावाचा मासा याला अपवाद आहे, त्याच्या अंगात खरोखरच निळे द्रव्य असते.) या स्फटिकांची चमक उजेड कोणत्या कोनातून येतो आणि आपण कुठून पाहतो यावर अवलंबून असते. निळा डॅमसेल घाबरला की काही क्षणांत काळपट पडतो आणि सावरला की पुन्हा निळा होतो, तोही याच पेशींतला बदल असतो.

तर लाल-नारंगीसाठी उजेडात सगळे रंग हवेत, आणि निळ्यासाठी उजेड योग्य बाजूने यायला हवा.

३. दिवा निवडताना हळद, कुंकू आणि नीळ बरोबर न्या

माझे मामा सूत रंगवण्याच्या खात्यात कामाला होते. रंगवलेली लड वाळली की ते ती उचलून दाराशी नेत, दिवसाच्या उजेडात नमुन्याशेजारी धरत, आणि मगच शेड जुळली की नाही ते सांगत. आतल्या दिव्याखाली हुबेहूब दिसणाऱ्या दोन लडी बाहेर वेगळ्या निघतात, हे चादरीच्या या गावात कोणाही रंगाऱ्याला सांगावे लागत नाही. टाकीचा दिवा घेताना मला ते आठवायला सहा महिने लागले.

एका पांढऱ्या बशीत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि थोडी नीळ शेजारी-शेजारी ठेवा. बशी आधी दुपारी दाराजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी नीट पाहून घ्या. मग अंधाऱ्या खोलीत तीच बशी दिव्याखाली धरा. प्रवाळांच्या निळ्या दिव्याखाली कुंकू जवळजवळ काळे दिसेल, नीळ झगझगीत उठेल आणि हळद हिरवट चमकायला लागेल. हळदीतले कर्क्युमिन निळा उजेड शोषून हिरवट-पिवळा उजेड बाहेर टाकते; प्रवाळ ज्या गुणामुळे चमकतात तोच गुण हळदीत आहे, माशांच्या रंगद्रव्यात मात्र तो सहसा डोळ्यांना दिसेल इतका नसतो. साध्या स्वस्त पांढऱ्या दिव्याखाली हळद ठीक दिसेल, पण कुंकू विटकरी वाटेल. ज्या दिव्याखाली तिन्ही रंग दाराशी दिसले तसेच दिसतील, तो दिवा घ्यावा. दुकानात बशी काढायला संकोचू नका. मी कागदाच्या तीन पुड्या नेल्या होत्या, आणि दुकानदारानेच उत्सुकतेने आणखी दोन दिवे लावून दाखवले.

खोक्यावर वाचायच्या गोष्टी दोन. पहिली केल्विन : ६५०० म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा, १०,००० म्हणजे किंचित निळसर, कोरा पांढरा, आणि १४,००० ते २०,००० म्हणजे स्पष्ट निळा. माशांसाठी मी ६५०० सुचवतो. ज्यांना थोडा थंड उजेड आवडतो त्यांनी १०,००० घ्यावा, पण त्यापुढे जाऊ नये. दुसरी सीआरआय, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक. घरगुती एलईडीचा तो साधारण ८० असतो, आपल्याला ९० किंवा अधिक हवा. काही खोक्यांवर आर-९ असा वेगळा आकडा असतो, तो गडद लाल रंगाचा आहे. जितका मोठा तितके क्लाउनफिशचे नारंगी जिवंत दिसेल.

येथे एक फसगत नेहमी होते : "मत्स्यालयासाठी खास" असे लिहिलेल्या लाल-निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यांवर सीआरआय छापलेला नसतो. त्यातले लाल आणि निळे दिवे वेगवेगळे पेटतात, माशावर रंगीत सावल्या पडतात आणि बशीच्या परीक्षेला त्या क्वचितच उतरतात. त्यापेक्षा चांगल्या सीआरआयचा, मत्स्यालयासाठी न विकलेला पण पाण्यापासून संरक्षण असलेला साधा पांढरा दिवा केव्हाही सरस.

निळी पट्टी ही तोंडी लावण्यापुरती. पांढरा चार भाग आणि निळा एक भाग या प्रमाणात डॅमसेलची निळाई खुलते आणि नारंगीचे काही बिघडत नाही. पट्टीचे बटण वेगळे असावे, म्हणजे संध्याकाळी शेवटचा अर्धा तास ती एकटी ठेवता येते.

४. किती उजेड पुरे

पांढरा आणि निळा मिळून २५ ते ३० वॉट पुरतात. चांगला एलईडी वॉटमागे ८० ते १०० ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) देतो, त्या हिशेबाने लिटरमागे १५ ल्युमेनच्या आसपास उजेड पडतो. आणखी वाढवल्याने रंग वाढत नाहीत, शेवाळ मात्र वाढते आणि मासे दगडांखाली बसून राहतात. माशांना पापण्या नसतात, हे दिवा निवडताना विसरू नये.

५. दिवा पुढच्या काचेकडे सरकवा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट कोणी करणार असेल, तर ही करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत.

दिवा टाकीच्या मधोमध किंवा मागच्या बाजूला ठेवण्याची सवय सगळीकडे आहे. त्याने दगड उजळतात, वाळू उजळते, माशाची पाठ उजळते. पण आपण समोर बसून पाहतो ती माशाची कूस, आणि नेमकी तीच सावलीत राहते. त्यातच बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असते, जेणेकरून वरून येणाऱ्या उजेडात त्यांचे अंग सपाट दिसावे आणि शिकाऱ्याला उठून दिसू नये. म्हणजे वरचा उजेड मासा लपवण्याचेच काम करतो.

माझ्या टाकीवर मी दिवा मागून पुढे सरकवत नेला ती संध्याकाळ मला अजून आठवते. मध्यावर असताना डॅमसेल दगडापुढे एक गडद आकार होता. दिवा पुढच्या काचेपासून चार बोटांवर आला, तसा तो वळला आणि त्याच्या कल्ल्यामागून शेपटीपर्यंत निळी रेघ पेटत गेली. डोळ्याखालचे बारीक ठिपके तोवर मी कधी पाहिलेच नव्हते.

अनेक जण दिवा मधोमध ठेवूनच तिरका करतात. त्याचा उपयोग वाटतो त्यापेक्षा कमी होतो, कारण हवेतून पाण्यात शिरताना उजेड खाली वाकतो. वरून कितीही तिरका सोडला तरी पाण्यात तो उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरका राहत नाही. म्हणून आधी दिवा पुढे न्यावा, मग १० ते १५ अंश मागे कलवावा. पाण्यापासून उंची १५ ते २० सेंटिमीटर ठेवा. पुढच्या बाजूला पाच सेंटिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी खाली वाकवून लावली की समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवा येत नाही.

निळी पट्टी मात्र मध्याच्या थोडी मागे राहू द्या. तिच्या उजेडाने माशाच्या पाठीची कड उठते आणि मासा मागच्या पडद्यापासून सुटा दिसतो. सुट्या एलईडी बिंदूंचा दिवा असेल तर पाण्याच्या लाटांमुळे वाळूवर उजेडाच्या रेघा नाचतात. दुधी झाकण लावलेल्या दिव्याने त्या दिसत नाहीत. मला त्या रेघा आवडतात, म्हणून पांढऱ्या दिव्याचे दुधी झाकण मी काढून साधी पारदर्शक पट्टी बसवली आहे. ज्यांना शांत उजेड हवा त्यांनी झाकण राहू द्यावे.

६. मागचा पडदा, तळ आणि समोरची खोली

मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा कागद लावा. समुद्राचे छापील चित्र लावू नका. त्यातले रंग खऱ्या माशाशी स्पर्धा करतात. वाळू फार पांढरी असेल तर अनेक मासे तिच्याशी जुळवून घेत स्वतः फिके पडतात, म्हणून फिकट बदामी वाळू बरी. टाकी खिडकीसमोर ठेवू नये. काचेत खिडकीचे प्रतिबिंब पडते, शेवाळ वाढते, आणि आपल्याकडचे एप्रिलचे ऊन तर टाकीवर थेट पडताच कामा नये. संध्याकाळी पाहायला बसताना समोरच्या भिंतीवरची ट्यूब मालवा आणि बाजूचा एखादा मंद दिवा राहू द्या.

७. वीज आणि मीठ यांची गाठ पडू देऊ नका

खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे आणि त्याचे तुषार सतत वर उडत असतात. दिवा किमान आयपी ६५ दर्जाचा असावा (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षण किती, याचा अंक). पाण्याच्या अगदी जवळ येणारी पट्टी आयपी ६७ ची घ्यावी. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, टाकीवर ठेवू नका, तो बाजूच्या भिंतीवर उंचावर बसवा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाताना आधी बोर्डाच्या पातळीखाली झोल घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलातच टपकेल आणि प्लगमध्ये शिरणार नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय टाकीत हात घालू नये, आणि अर्थिंग खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण त्याच्या मागे अर्थिंगची तार नसते. यात काटकसर करू नका, ही हात जोडून विनंती आहे.

दिव्याच्या पत्र्यावर आणि स्क्रूंवर मिठाची पांढरी पापडी धरते. ती आठवड्यातून एकदा, वीज बंद करून, आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा. पुसायचे राहून गेल्याने माझ्या पहिल्या दिव्याच्या बिजागऱ्या पावसाळा संपेपर्यंत गंजल्या.

८. सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४० च्या वर जातो आणि बंद खोलीही तापते. टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना मात्र तो जास्त लागतो, म्हणून ३० च्या पुढचा प्रत्येक अंश धोक्याचा आहे. एलईडीची उष्णता जुन्या हॅलाइड दिव्यांच्या मानाने थोडी असते, पण लाकडी बंद हूडमध्ये, म्हणजे टाकीवरच्या पेटीसारख्या झाकणात, ती पाण्यावरच कोंडून राहते. त्यामुळे हूड नको. दिवा उघड्यावर टांगा आणि टाकीवर जाळी टाका. काचेचे झाकणही उन्हाळ्यात काढावे, कारण ते वाफ अडवते आणि धूळ व मीठ बसून दिव्याचा उजेडही अडवते.

आपल्या कोरड्या हवेचा येथे फायदा होतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीवर तिरका वारा सोडणारे दोन छोटे पंखे पाणी दोन ते चार अंशांनी उतरवतात. एवढ्याने भागत नसेल तर खोलीत वातानुकूलन किंवा टाकीला चिलर (पाणी गार करणारे यंत्र) लागतो, आणि तो खर्च परवडणार नसेल तर टाकीचा बेत पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावा, असे मी स्पष्ट सांगेन.

पंख्याने पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. मे महिन्यात माझ्या टाकीतून दिवसाला चार लिटरपर्यंत पाणी जाते. १५० लिटरमधून चार लिटर गेले की लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले मीठ एका दिवसात ३६ च्या घरात पोहोचते. म्हणून भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची आणि रोज. मीठ मिसळलेल्या पाण्याची नव्हे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा आरओचे पाणी झाकणाच्या खाद्य-दर्जाच्या पिंपात आठवड्याचे साठवून ठेवा. घरगुती आरओ यंत्रांत अनेकदा थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, तो बंद करून घ्या आणि मीटरने खात्री करा. बोअरचे जड पाणी थेट वापरल्यास नायट्रेट आणि क्षार येतात, आणि मग दिव्याला दोष देत आपण शेवाळ खरवडत बसतो.

९. दिव्याचे वेळापत्रक आणि वीज जाणे

रोज आठ ते नऊ तास उजेड पुरे. इतर महिन्यांत मी पांढरा दिवा दुपारी दोन ते रात्री दहा ठेवतो, उन्हाळ्यात तो साडेतीन ते साडेअकरा करतो, म्हणजे भर दुपारच्या तापात दिव्याची भर पडत नाही आणि घरची मंडळी जेवून बसतात तेव्हा टाकी उजळलेली असते. निळी पट्टी पांढऱ्याच्या अर्धा तास आधी लागते आणि अर्धा तास नंतर मालवते. माशांच्या डोळ्यांना उजेडाशी जुळायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ३० वॉटच्या दिव्यांना महिन्याला आठ युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे दिव्याने बिल वाढेल ही भीती बाळगू नये.

सर्वांत मोठा सापळा वीज जाण्या-येण्यात आहे. पहिल्या वर्षी दिवा मी टायमरविना, साध्या बटणावर ठेवला होता. एका रात्री दिवा चालू असतानाच वीज गेली, आम्ही बटण तसेच ठेवून झोपलो आणि वीज परतली ती दोनच्या सुमारास. गाढ अंधारात एकदम लख्ख उजेड पडला आणि फायरफिशने भेदरून उडी घेतली. त्या वेळी जाळीही नव्हती. सकाळी तो स्टँडच्या मागे फरशीवर सापडला. त्याची शेपटी अजून लाल होती. तेव्हापासून जाळी आणि टायमर यांच्याशिवाय मी कोणालाही दिवा लावू देत नाही.

टायमर घेताना गोल तबकडीचा घेऊ नका. वीज गेली की तो थांबतो. रोज ४० मिनिटे वीज गेली तर आठवड्याने त्याचे घड्याळ साडेचार तासांहून अधिक मागे पडते आणि मध्यरात्रीनंतरही टाकी उजळलेली राहते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वाय-फायचा प्लग असेल तर वीज परतल्यावर तो "बंद" स्थितीत राहील, अशी निवड त्याच्या सेटिंगमध्ये करून ठेवा.

इन्व्हर्टरवर दिवा जोडू नका. बॅटरीतली वीज पाणी फिरवणाऱ्या पंपासाठी आणि हवेच्या पंपासाठी राखा. दिव्याविना मासे दोन-तीन दिवसही आरामात राहतात. उन्हाळ्यात पाणी हलायचे थांबले तर मात्र काही तासांत जीव जातात.

१०. पहिले काही आठवडे

टाकीत मीठ-पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडायचे नसतात. दगडांवर आणि फिल्टरमध्ये जिवाणू वाढून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबावे लागते. या काळात दिवा लावून ठेवण्याची काहीच गरज नाही. दिव्याची जागा ठरवण्यापुरता लावा आणि मालवा. उजेड नसला की तपकिरी आणि हिरव्या थराला सुरुवातीलाच आळा बसतो.

मासे आल्यावर पहिला दिवस अंधार ठेवा, दुसऱ्या दिवशी चार तास, आणि मग आठवडाभर रोज थोडे वाढवत आठ तासांवर या. थर धरायला लागला तर औषध ओतण्याआधी दिव्याचे दोन तास कमी करा, खाद्य निम्मे करा आणि पाणी बदला. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

रात्री पाणी प्यायला उठलात आणि खोलीतला दिवा लावून टाकीत डोकावलात, तर मासे फिकट किंवा डागाळलेले दिसतील. अनेक माशांचा झोपेतला रंग वेगळाच असतो. पिवळाधमक फॉक्सफेस तर झोपेत तपकिरी ठिपक्यांचा होतो आणि नवख्या माणसाला तो आजारी वाटतो. सकाळी उजेड झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. तेव्हाही रंग परतला नसेल, मासा खात नसेल किंवा जोरजोरात श्वास घेत असेल, तर आधी तापमान, खारटपणा आणि अमोनिया तपासा.

११. फोटो काढताना

फोनच्या कॅमेऱ्याला निळा उजेड झेपत नाही आणि सगळे चित्र जांभळे येते, म्हणून फोटोपुरती निळी पट्टी बंद करा. फ्लॅश वापरू नका; काचेवरून तो परततो आणि मासे घाबरतात. चित्रात आडवे काळे पट्टे येत असतील तर डिमर पूर्ण उघडा, कारण अनेक डिमर दिवा क्षणोक्षणी चालू-बंद करूनच उजेड मंद करतात. काच आतून-बाहेरून पुसा, खोलीतले दिवे मालवा, फोन काचेला अगदी टेकवून सरळ धरा आणि मासा पुढच्या काचेशी, दिव्याच्या खाली येईपर्यंत थांबा. खाद्य टाकल्यावर क्लाउनफिश बरोबर तेथेच येतो.